सात नंबरचं पिंप

एक तारखेपासून खाण्याच्या प्रत्येक पाकिटावर एक काळा चौकोन आला. त्यावर मोबाइल धरला की त्या पाकिटातला माल कारखान्यात कसा तयार झाला, ते जसंच्या तसं दिसायचं. कॅमेरे सरकारचे, कंपनीला चित्रणाला हात लावता येत नव्हता. लोक त्याला ‘उगमचित्र’ म्हणू लागले.

स्वरूपा शिंगटे पाळी संपवून कोल्हापुरातल्या घरी आली, तेव्हा तिचे वडील, अप्पा, मोबाइल घेऊन बसले होते. समोर ताटलीत खिमा पॅटी तशीच होती. तीस वर्षं खाणावळ चालवलेले अप्पा दात गेल्यापासून रोज संध्याकाळी ही मऊ पॅटी आवडीने खायचे. ती स्वरूपाच्याच कारखान्यात तयार व्हायची. पण “मी पॅकिंगला असते,” यापलीकडे तिने काही सांगितलं नव्हतं.

“ये, बस,” म्हणत अप्पांनी चित्र पुन्हा सुरू केलं.

मांस काढून घेतलेले कोंबडीचे सांगाडे पट्ट्यावरून आले. यंत्राने ते चिरडून बारीक चाळणीतून दाबले. हाडं मागे राहिली, पुढे फिकट गुलाबी लगदा लवलवत पडला. त्यात कातडीचा चुरा गेला, सोयाचा भुगा गेला, रंग गेला.

“याचं मला काही नाही,” अप्पा म्हणाले. “मुंडी-पाय मीही शिजवलेत. पण याला चव कसली असणार?”

“नसते, अप्पा. वासही नसतो.”

पडद्यावर मास्क लावलेली एक बाई आली आणि तिने पिंपाचा नळ सोडला. पिंपावर लिहिलं होतं : ‘७ – खाणावळ रस्सा’. अप्पांनी चित्र थांबवलं.

“ही तू. आणि हे काय?”

स्वरूपाने मान खाली घातली. सहा वर्षांपूर्वी कंपनीने जिव्हायंत्र आणलं होतं. कुठलाही पदार्थ त्याला दिला की ते त्याची चव टिपायचं आणि रसायनांतून तशीच उभी करायचं. “त्यांना नमुने हवे होते. मी तुमच्या मसाल्याची बरणी नेली. त्यावर मला कायम केलं.”

“मागितला असतास, तर मी दिला नसता.”

“म्हणूनच नाही मागितला.”

 अप्पा ताटली उचलून आत ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोबरं भाजल्याच्या वासाने स्वरूपाला जाग आली. अप्पा कितीतरी वर्षांनी शेगडीपाशी उभे होते. त्यांनी तीळ भाजले, मिरच्या परतल्या, सगळं वाटून रस्सा उकळायला ठेवला. मग चाखला. मीठ घातलं. पुन्हा चाखला, चिमूटभर साखर घातली. तरी त्यांचा चेहरा खुलेना.

“काहीतरी कमी पडतंय, बाळ.”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “यंत्र दर महिन्याला पॅटीची चव थोडी हलवतं, अप्पा. लोक ज्याने जास्त घेतील, तिकडे. कधी मीठ वाढवतं, कधी गोडी. एकदम कळू नये इतकंच. रोज खाणाऱ्याची जीभही मग तिकडेच वळते.”

अप्पांनी पळी तिच्यापुढे धरली. “तू सांग. लहानपणापासून खात आलीस.”

स्वरूपाने चाखलं, डोळे मिटून पुन्हा एकदा चाखलं. पण पॅट्या तिनेही सहा वर्षं खाल्ल्या होत्या. तिला तो रस्सा अळणी लागला.

तिच्या चेहऱ्यावरून अप्पांनी ओळखायचं ते ओळखलं. गॅस बंद करत त्यांनी शांतपणे विचारलं, “मग खरी चव आता कुणाच्या लक्षात आहे गं?”