तिसरी हाक

फेब्रुवारीत आमच्या क्लासच्या दुपारच्या बॅचेस रिकाम्या असत, कारण बारावीची मुलं अभ्यासाला घरी बसत. पालघर स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत मी विंडोज आणि टायपिंग शिकवायचे, आणि कुणाचं मशीन बिघडलं तर स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच्या घरीही जायचे. माझं फिजिक्सचं बी.एस्सी. नुकतंच झालं होतं. सालवडच्या आमच्या चाळीत मला 'कॉम्प्युटरवाली पुष्पलता' म्हणत.

१९९९ च्या त्या फेब्रुवारीत सातपाटीच्या जमनाताई क्लासमध्ये आल्या. सोबत पाच वर्षांची मुलगी, हेमांगी. जमनाताई खुर्चीवर बसल्या नाहीत. घरात एक जुना कॉम्प्युटर आहे, तो विक्रमगडकडच्या आश्रमशाळेला द्यायचा आहे, आणि त्याआधी आतलं सगळं पुसून हवं आहे, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, सोपं आहे, डिलीट केलं की झालं.

"तसं नाय, ताई," त्या म्हणाल्या. "परत कोनालाच काढता येता कामा नये. शालेतल्या गुरुजींना पन नाय, तुमाला पन नाय."

असं काय आहे त्यात, असं मी विचारलं. त्यांनी हेमांगीला बाहेर पायरीवर बसवलं आणि सांगितलं.

त्यांचा नवरा कमलाकांत मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत बसायचा आणि हंगामात भावाच्या होडीवर जायचा. हे मशीन त्यानं तारापूरच्या कॉलनीतल्या एका इंजिनिअरकडून जुनं घेतलं होतं. त्याला एक मायक्रोफोन होता, त्यात तो गाणी म्हणून ठेवायचा. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीत होडी उलटली. बाकीचे पोहत परत आले. कमलाकांत नाही आला, आणि त्याचा देहही मिळाला नाही.

मशीनमध्ये त्याची एक हाक होती. माईक चालतो का बघायला त्यानं मुलीला मारलेली. कमलाकांतची आई, गोदूबाई, कोणतं बटण दाबायचं ते शिकली होती. रोज संध्याकाळी ती हाक लावायची, आणि हेमांगी जिथे असेल तिथून ओ द्यायची.

"समुद्रात गेलेला मानूस एकदाच हाक मारतो," जमनाताई म्हणाल्या. "जित्या मानसाला घाई नसते, तो तीनदा मारतो. म्हनून आमच्यात तिसऱ्या हाकेला ओ देतात. ही पहिलीलाच देते. आता मशीन बंद असलं तरी मधेच कधी ओ देते, आनि मला विचारते, बाबा दारात का थांबलाय."

देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. गोदूबाई ते करू देत नव्हत्या. ज्याचा आवाज घरात आहे त्याला जाळायचा कसा, असं त्या विचारत. जमनाताईंचं ठरलं होतं: आधी आवाज जाईल, मग मशीन जाईल, मग पुतळा होईल, आणि मुलगी घरात राहील.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नव्हते. पण पुसणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. डिलीट केलेली फाइल डिस्कवर तशीच असते. फक्त तिची जागा रिकामी आहे अशी नोंद होते. तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती परत काढता येते. म्हणजे काम नीट करायचं तर पूर्ण डिस्क दुसऱ्या कशानं तरी भरून काढायला हवी होती. मी करते म्हटलं.

गुरुवारी सकाळी सातपाटीला उतरले तेव्हा गोदूबाई मासळीचं ॲल्युमिनियमचं घमेलं डोक्यावर घेऊन पालघरच्या बाजाराला निघाल्या होत्या. उंच, काटक बाई. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"पुसायला आलीस काय? पूस. एक सफाईवाली कमीच होती आमच्या घरात."

जमनाताई मागे उभ्या होत्या. गोदूबाई एसटीकडे वळल्या आणि वळता वळता, जरा खालच्या आवाजात, मला म्हणाल्या, "पन माझ्या पोरानं हाक मारली आनि घरातल्या कोनी ओ दिला नाय, असं नाय व्हायचं, पोरी."

घर कौलारू होतं, जमीन सिमेंटची, गार. पुढच्या दारासमोर बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत होते. मागचं दार वाळूत उघडत होतं आणि वाळू समुद्राकडे उतरत होती. शेजारच्या वाडीत नव्या होडीचं काम चाललं होतं, सुताराच्या हातोड्याचे ठोके सारखे ऐकू येत होते. मशीन मधल्या खोलीत, क्रोशाच्या रुमालाखाली.

सुतार जेवायला बसले की येते, असं सांगून जमनाताई हेमांगीला घेऊन वाळवणावर गेल्या. मी कामाला लागले.

ती हाक मी एकदा ऐकली. फाइल तीच आहे ना, याची खात्री करायला. "हेमूऽ" आणि मागे हसू. तरुण, मोकळा आवाज. मग डिस्क फॉरमॅट केली, शाळेसाठी विंडोज परत घातलं. ते सुरू झाल्यावर जुन्या फाइली शोधून पाहिल्या. काही नव्हतं.

आता उरलेली जागा भरायची होती. कशानेही भरता आली असती. पण माईक समोर होता, आणि मला वाटलं, उद्या कुणी खणून काही काढलंच तर त्याला एक रिकामी खोली मिळावी. विंडोजचा रेकॉर्डर एका वेळी एक मिनिट घेतो. मी पंखा बंद केला, हात मांडीवर ठेवले आणि एक मिनिट शांतता नोंदवली.

ऐकून पाहिली. हातोड्याचे ठोके, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एक कावळा, दोनदा. पाववाल्याच्या सायकलचा भोंगा. बाकी काही नाही. ती फाइल मी एका फ्लॉपीवर काढून ठेवली आणि एक छोटा प्रोग्राम लिहून डिस्क भरेपर्यंत तिच्या प्रती काढायला लावल्या. मशीन जुनं होतं, वेळ लागला. तोवर मी डबा खाल्ला.

मग पडताळा. प्रत नीट उतरली की नाही हे पाहायला डॉसमध्ये एक आज्ञा आहे, ती दोन फाइली अक्षर न् अक्षर ताडून पाहते. पहिल्या प्रती ताडल्या. फरक नाही. पुढच्या. फरक नाही. निम्म्याच्या पुढे गेले आणि पडद्यावर आकड्यांच्या ओळी धावायला लागल्या. त्या थांबेनात.

डिस्क खराब असेल म्हणून मी ती तपासली. चांगली होती.

त्यातली एक प्रत लावली. कावळा होता, दोनदा. भोंगा होता. ठोके नव्हते.

मी ती पुन्हा ऐकली. खराब डिस्क आवाजात खरखर घालते. ठोके तेवढे निवडून काढून टाकत नाही, आणि कावळ्याला हात लावल्यावाचून तर नाहीच.

पुढची प्रत. कावळा, भोंगा, आणि मग सिमेंटवर काहीतरी धातूचं टेकल्याचा आवाज.

त्याच्या बऱ्याच पुढची. कावळा, भोंगा, धातू. मग पावलं. अनवाणी, ओली. तळवा जमिनीला चिकटून सुटतो तसा आवाज. मागच्या बाजूने.

मी मागच्या दाराकडे पाहिलं. कोरडी जमीन, वाळूचे चार कण, ऊन.

त्या मिनिटात मी या खोलीत होते. पावलं वाजली नव्हती. जे मी नोंदवलं नव्हतं ते या फाइलीत होतं, आणि जे नोंदवलं होतं ते नव्हतं. खोली तीच होती, हे मला पटत होतं, कारण कौलांखाली आवाजाचा जो किंचित घुमारा येतो तो तसाच होता. मिनिट मात्र ते नव्हतं.

शेवटची प्रत लावली. पावलं माईकपाशी येऊन थांबली. मग हाक. "हेमूऽ." आवाज तोच, पण त्यात हसू नव्हतं. बोलण्याआधी तोंडातलं पाणी गिळावं लागतं, तसं काहीतरी होतं. लगेच, अगदी जवळून, लहान मुलीचा आवाज आला.

"ओ."

मी मशीन बंद केलं. स्पीकरची वायर काढली, भिंतीतला प्लगही काढला. डोकं एकाच गोष्टीपाशी अडलं होतं. ठोके का नव्हते? सुतार दिवसभर ठोकत होता. कधी थांबतो?

जेवायला बसतो तेव्हा.

बाहेर ठोके चालू होते. मी उठून पुढच्या दाराशी गेले, जमनाताईंना हाक मारून सांगणार होते की आता येऊ नका. त्या येतच होत्या, दांड्यांच्या मधून. हेमांगी पुढे पळत होती.

ठोके थांबले.

हेमांगी उंबरा ओलांडून आत आली. कावळा ओरडला. पुन्हा ओरडला.

मी तिला धरलं, खाली बसले आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. जमनाताई दारात थबकल्या. मी फक्त "हाक येणार आहे" एवढं म्हटलं. त्या गुडघ्यांवर आल्या आणि मुलीचे दोन्ही हात धरले.

रस्त्यावर पाववाल्याचा भोंगा वाजला.

मागच्या दारात ॲल्युमिनियमचं घमेलं टेकलं. गोदूबाई बाजारातून आल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या जमिनीकडे.

पावलं वाजली. जमीन कोरडीच राहिली.

मशीनच्या तारा माझ्या पायाशी पडल्या होत्या.

"हेमूऽ."

माझ्या तळहाताला मुलीचे ओठ हलल्याचं जाणवलं. उष्ण श्वास आला. मी हात काढला नाही. घरात काहीच वाजत नव्हतं. कुणीतरी वाट पाहत होतं.

"ओ," गोदूबाई म्हणाल्या. साध्या आवाजात, जेवायला बोलावल्यावर द्यावा तसा. "आले रं."

मग जमनाताईंकडे बघून, "पोरीला शिकव नीट. आनि पुतले दोन करा."

त्या वळल्या आणि वाळूत उतरल्या. पावलं त्यांच्यामागे गेली. घमेलं धुवायला गेल्या असतील, असं मी क्षणभर स्वतःला सांगितलं. पण घमेलं दारातच होतं. जमनाताई उठून धावल्या तेव्हा ओहोटीचा लांबलचक किनारा समोर होता आणि त्यावर माणूस नव्हतं. होड्या गेल्या, तीन दिवस शोध झाला. काही मिळालं नाही.

पुतळे दोन केले.

काम अर्धं टाकणं मला जमत नाही. त्यानंतरच्या आठवड्यात मी परत गेले, डिस्क पुन्हा पुसली, या वेळी नुसत्या शून्यांनी भरली आणि सगळी ताडून पाहिली. कुठेही फरक नव्हता. फ्लॉपीही कापून टाकली. आश्रमशाळेचे नामदेव गुरुजी टेम्पो घेऊन आले आणि मशीन घेऊन गेले. पुढे त्यांचा निरोप आला की उत्तम चालतंय, मुलं चित्रं काढतात.

माईक माझ्या पिशवीत राहिला होता. मे महिन्यात तो द्यायला सातपाटीला गेले. जमनाताई आता बऱ्याच सावरल्या होत्या. त्यांनी मला बसवलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. हेमांगी मागच्या दारात सुक्या जवळ्यातला कचरा निवडत होती.

आतून जमनाताईंनी तिला हाक मारली. ती निवडत राहिली. दुसरी हाक आली. तिनं मान वर केली नाही. तिसरीला म्हणाली, "ओ, आये," आणि आत जाऊन कपबशी घेऊन आली, माझ्यासमोर ठेवून पुन्हा आपल्या जागी बसली.

शहाणी झालीस की, मी म्हटलं. आता कुणी हाक मारली तर...

तिनं बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलं. ती समुद्राकडे तोंड करून, मान किंचित कलती ठेवून ऐकत होती. भरती येत होती.

"थांबा ना," ती कुजबुजली. "आजीच्या दोन झाल्या."