शांतवन सभागृहातली नऊची हजेरी

ऐकून झाल्यावर "काका, हे खरं का?" असं कुणी विचारायचं नाही. ज्याला विचारायचंच आहे त्यानं आत्ताच गच्चीवरून खाली जावं, लिफ्ट चालू आहे. बाकीच्यांनी मोबाइल पालथे ठेवा. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो आनंद रणपिसे आपल्या वारज्याच्याच एका शाळेत मुख्याध्यापक होता, आणि त्याच्या हाताखाली मी सात वर्षं गणित शिकवलंय. माणूस खोटं बोलणारा नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. म्हणजे... एकदाच बोलला.

तारीख सतरा जानेवारी, दोन हजार पंचवीस. शुक्रवार. काम अगदी साधं होतं. मांजरीच्या बाजूला मिशनचं एक जुनं कॉलेज आहे, त्याचं आता विद्यापीठ झालंय. तिथल्या सभागृहाला आनंदच्या आजोबांचं नाव आहे, शांतवन रणपिसे. त्याच आवारातल्या बोर्डिंगात वाढलेलं पोर पुढे तिथलाच प्राचार्य झालं आणि बावन्न साली त्यांनी हे सभागृह बांधलं. आनंद त्यांना आबा म्हणायचा. बी.एड., एम.एड. सगळं खरं, पण "आबांचा नातू" हीच आनंदची मोठी पदवी. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेनंतर नवा माणूस भेटला की दुसऱ्या वाक्याला आबा यायचेच.

विद्यापीठानं सगळ्या आवाराचं नूतनीकरण काढलं होतं. सभागृहाची फरशी उखडून झाली होती. शनिवारी सकाळी सहाला तिथं काँक्रीट पडणार होतं आणि जूनमध्ये पितळी अक्षरांत आबांचं नाव पुन्हा झळकणार होतं. त्याआधी भिंतीवरची आबांची तसबीर घरी न्यायची, एवढंच. दिवसभर शाळा, मग धायरीला घरी शुक्रवारची प्रार्थना. तो पोहोचला तेव्हा साडेआठ झाले होते.

फाटकावर सोनबा होता, मांजरीचाच म्हातारा पहारेकरी. त्या दिवशी संकष्टी.

"सर, हॉलची वीज तोडलीया. ही बॅटरी घ्या," सोनबा म्हणाला. "म्या घरला जाऊन येतो. चंद्र साडेनवाला हाय, निवद दावला की आलोच."

"जा की. मी काय लहान आहे?"

"तुमी न्हाई सर," सोनबा म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून गेला. पुढचं काही बोलला नाही. आनंदनंही विचारलं नाही. पुणेकराला दुसऱ्याचं अर्धं वाक्य पुरतं.

सभागृह आतून ओकंबोकं झालं होतं. खुर्च्या नाहीत, पंखे नाहीत. खाली नुसती तांबडी माती, आणि कडेला उखडलेल्या शहाबादी फरश्यांचे ढीग. तसबीर मात्र जागेवर होती. आनंदनं स्टूल ओढलं, ती उतरवली, रुमालानं आबांचा चेहरा पुसला आणि भिंतीशी जरा जाड अशा काही फरश्या वेगळ्या टेकवल्या होत्या, त्यांच्यावर ठेवायला गेला. त्यातल्या एकीवरची वाळलेली माती कोपर लागून गळाली. आत अक्षरं दिसली.

त्यानं बॅटरी जवळ नेली. हातानं माती झाडली.

"दावीद सखाराम. वय ८. बोर्डिंग. ऑक्टोबर १९१८."

दुसरी फरशी. "पौलस गणपत. वय ९." तिसरी, चौथी... त्यानं एकूण अकरा मोजल्या. सगळ्या त्याच महिन्यातल्या. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ आली होती ती. पुण्यात तेव्हा घरंच्या घरं रिकामी झाली, हे तुम्ही कुठंतरी वाचलं असेल. बोर्डिंगातली अकरा मुलं गेली आणि आवारातच पुरली. मग तिथंच सभागृह झालं, आणि मुलांच्या थडग्यांचे दगड पालथे घालून त्याची जमीन झाली.

आनंदनं बॅटरी मातीवर फिरवली. मधोमध जमीन थोडी थोडी खचलेली होती. लांबट खड्डे, चार-चार फुटांचे. त्यानं ते मोजले नाहीत. त्याची हिंमतच झाली नाही. दगड उचलले होते, मुलं कुणी उचललीच नव्हती. आणि अठरा साली आबा स्वतः दहा वर्षांचे होते, त्याच बोर्डिंगात. ही त्यांच्या पंगतीला बसणारी, त्यांच्या शेजारी झोपणारी मुलं होती. चाळिशी उलटल्यावर सभागृह बांधताना आबांना हे ठाऊक नव्हतं असं म्हणायला आनंदला जागाच उरली नाही.

आता दोनच वाटा होत्या. आत्ता एक फोन करायचा, म्हणजे उद्याचं काम थांबेल, मुलं वर निघतील, त्यांना नीट मूठमाती मिळेल. आणि आबांचं नाव? ते मात्र मातीत जाईल. किंवा गप्प बसायचं. सकाळी सहानंतर हे पुन्हा कुणाला दिसणार नव्हतं.

लेकरांनो, मी त्याला दोष देत नाही. मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, हे मला माहीत नाही. त्यानं बाह्या सरसावल्या आणि एकेक फरशी भिंतीकडे तोंड करून उलटी लावायला सुरुवात केली. दहा झाल्या. अकरावी हातात होती. "योना भागाजी. वय ६." सगळ्यांत लहान.

तेव्हा नऊ वाजले.

मागून कुणीतरी घसा खाकरला.

सोनबा असेल असं त्याला वाटलं. त्यानं फरशी खाली टेकवली, बॅटरी उचलली आणि वळून मारली. कुणी नव्हतं. माती होती. खड्डे होते.

"दावीद सखाराम."

आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. शांत, जरा नाकातला. आनंद तेरा वर्षांचा होईपर्यंत रोज रात्री हाच आवाज त्याला पाढे म्हणायला लावायचा. आबा जाऊन चव्वेचाळीस वर्षं झाली होती, आणि... तोच.

मग मातीतून, अगदी बारीक...

"हजर."

आनंदच्या हातातली बॅटरी पडली. विझली नाही. कोपऱ्यात उजेड टाकत राहिली.

"पौलस गणपत."

"हजर."

एक नाव. मध्ये थोडं थांबणं. एक "हजर." कधी इथून, कधी तिथून. पण खालूनच. आनंदला पळायचं होतं. पाय हलेनात. प्रभूची प्रार्थना म्हणायची होती. पहिली ओळ आठवेना. ज्या माणसानं हजार वेळा ती म्हटली, त्याला... आठवेना.

दहा नावं झाली.

मग आवाज अडला.

"यो..."

खोकला.

"यो... यो..."

मातीखाली कुणीतरी वाट बघत होतं. श्वास ऐकू येत होते. लहान मुलांचे. दहा जणांचे... नाही, अकरा.

आता बघा. तुम्ही-आम्ही तोंड घट्ट मिटून घेतलं असतं. पण तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस तो! हजेरीत मूल सुटलेलं त्याला सहन होईना. सवयीनं त्याच्या तोंडून निघालं,

"योना भागाजी."

"हजर, गुरुजी."

हे खालून आलं नाही. त्याच्या मागून आलं. सदऱ्याच्या टोकाशी.

आनंद वळला नाही.

"आनंदा," म्हाताऱ्याचा आवाज म्हणाला. दमलेला. रडवेला. "मी नाही सांगितलं रे... तू सांग."

नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजला. कुलसचिव आढाव. आनंदनं उचलला.

"रणपिसे सर, तसबीर मिळाली ना? उद्या सहाला गाड्या येतायत. आपली काही अडचण नाही ना?"

सदऱ्याचं टोक कुणीतरी धरलं. ओढलं नाही. नुसतं धरलं.

"सर? काही अडचण?"

"नाही," आनंद म्हणाला. "काही नाही."

सदऱ्याचं टोक सुटलं. सभागृहात एकदम सामसूम झाली. त्यानं अकरावी फरशी पालथी टेकवली, तसबीर काखेत मारली आणि बाहेर आला, तेव्हा दहा वाजत आले होते. फाटकाशी सोनबा परत येत होता, कपाळाला ताजं कुंकू. "झालं का सर काम?" त्यानं विचारलं. आनंदनं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

आवाजच निघाला नाही.

आजतागायत निघालेला नाही. "काही नाही" हे त्याचे शेवटचे शब्द. नाक-कान-घशाच्या तीन डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. घसा स्वच्छ आहे म्हणाले. शाळेत मुका मुख्याध्यापक कसा चालणार? मार्चमध्ये त्यानं स्वेच्छानिवृत्ती घेतली. मला हे सगळं त्यानं लिहून दिलं, पाठकोऱ्या सतरा पानांवर. शेवटी एक ओळ आहे: "कुणाला सांगू नये, आबांचं नाव जाईल." म्हणजे बघा, अजूनही!

सभागृह जूनमध्ये थाटात उघडलं. पितळी अक्षरं लागली. आनंद पहिल्या रांगेत बसला होता म्हणे.

त्यानंतर आठवड्याभरानं रात्री नऊला दीपमालावहिनींना, म्हणजे आनंदच्या बायकोला, सोनबाचा फोन आला. हे वहिनींनी स्वतः मला सांगितलंय, देवाशपथ. सोनबा हळू आवाजात बोलत होता.

"बाई, सर हितं कवा आलं? फाटकातनं तर म्या कुणाला सोडलं न्हाई."

"कुठं?"

"हॉलात. कुलूप हाय भाईर. आतनं आवाज येतुया सरांचा. पोरांची नावं घेत्यात... तुमीच ऐका."

त्यानं फोन दाराला लावला. वहिनींच्या कानात आनंदचा आवाज आला. पाच महिन्यांत पहिल्यांदा. खणखणीत, शाळेतल्यासारखा.

आनंद तर त्यांच्या समोर बसला होता. धायरीत, स्वतःच्या घरात, खुर्चीवर. डोळे मिटलेले.

त्याचे ओठ हलत होते.

एक नाव... मग थांबणं. एक नाव... मग थांबणं. वहिनींनी मोजलं, अकरा. शेवटच्या नावानंतर फोनमधून एक अगदी लहान मूल म्हणालं, "हजर, गुरुजी."

आणि समोर बसलेल्या आनंदनं मान डोलावली.