सड्यावरचे बासष्ट फटके

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो माझ्या आबांचा गोल्फचा बॉल दोन बोटांत धरून उन्हात निरखत होता. आणि मी जन्मात कुणावर ओरडले नसेन एवढ्या मोठ्यानं त्याच्यावर ओरडले.

"ठेवा! ठेवा तो खाली! जिथं होता तिथंच!"

दुसरा कुणी असता तर घाबरून बॉल टाकून मोकळा झाला असता. हा शांतपणे वाकला. पाइनच्या झाडाखाली वाळलेल्या सुयांचा जाड थर होता, त्यात त्यानं बॉल अलगद ठेवला, जरासा फिरवला.

"ह्या बोंडापासनं चार बोटं डावीकडं," तो म्हणाला. "आन् ह्यो काळा डाग वर व्हता. आता हाय तसा हाय. बघा."

मी काय बघणार? पंधरा मिनिटं शोधून मला तो बॉल सापडलाच नव्हता.

"तुम्हाला कसा काय दिसला?"

"कळपातनं चुकलेलं कोकरू हुडकायची सवय हाय, मॅडम. त्या मानानं ह्यो लय सोपा. पळत न्हाई."

मी हसू दाबायचा प्रयत्न केला. ते नीट दाबलं गेलं नसावं, कारण तोही हसला.

पाटणच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्यावर, पवनचक्क्यांच्या अलीकडं, आमचं रिसॉर्ट आहे. आमचं म्हणजे मालक पुण्याचे, आम्ही आपले तिथले जुने खांब. नऊ होलचं गोल्फचं मैदान, दोन्ही अंगांनी पाइनची झाडं. मालकांनी पंचवीस वर्षांपूर्वी हौसेनं लांबून रोपं आणून लावली. गावातली माणसं त्यांना सुरूच म्हणतात आणि कुणी त्यांना दुरुस्त करायला जात नाही. सकाळी धुकं उतरलं की खाली कोयनेच्या पाण्याची पट्टी दिसते, आणि डिंकाचा वास असा दरवळतो की नवीन पाहुणे उगाचच मोठे मोठे श्वास घेतात.

माझे आबा, सुभेदार जोतीराम, इथले गोल्फचे मास्तर. फौजेत असताना राणीखेतला साहेबांच्या पिशव्या उचलता उचलता खेळ शिकले, आणि पेन्शनीत येताना तोच एक नाद घरी घेऊन आले. मी चार वर्षांची असताना त्यांनी माझ्या हातात कापलेली काठी दिली आणि एकच नियम सांगितला. बॉल जिथं पडला तिथनंच खेळायचा. खड्ड्यात पडो, मुळीत पडो. हात लावायचा नाही, पाय लावायचा नाही. मी काउंटरवर बसते, पाहुण्यांच्या वेळा लावते, माणूस कमी पडला की पिशवी उचलते. पण त्या नियमाशी बावीस वर्षांत मी कधी बेइमानी केली नव्हती.

आणि हा — विश्वजित. आटपाडीकडचा. मैदानावर तुषार सिंचनाच्या नव्या नळ्या टाकायच्या कामावर आला होता. घरची मेंढरं अजून आहेत. आजी, हरणाबाई, या वयातही कळपामागं चालते. दुष्काळी भागातलं पोरगं सड्यावर गवताला पाणी पाजायला आलं, याची त्याला स्वतःलाच गंमत वाटायची.

"एवढं हिरवंगार गवत, आन् तोंड लावायला कुणीच न्हाई?" पहिल्याच आठवड्यात त्यानं मला विचारलं. "आमची आज्जी बघंल तर डोळ्याला पदर लावंल."

"हे चरायचं गवत नाही, खेळायचं आहे."

"गवताला म्हाईत हाय का ते?"

त्यानंतर त्यानं कधी बॉलला हात लावला नाही. झाडीत कुणाचा बॉल हरवला की तो हातातलं काम टाकून यायचा, दोन मिनिटं नुसता उभा राहायचा, मग नेमका बॉलजवळ जाऊन शीळ घालायचा. एकच लांब शीळ, शेवटी जरा वर उचललेली. मेंढरं वळवायची शीळ. मी पिशवी घेऊन त्या आवाजाच्या दिशेनं जायचे.

दिवाळी होऊन गेली होती. एका दुपारी मैदानावर चिटपाखरू नव्हतं, आणि शीळ आली. मी काउंटर सोडून निघाले. सहाव्या होलजवळ झाडाला टेकून तो उभा होता.

"बॉल कुठाय?"

"कुठला बॉल?"

"मग शीळ कशाला?"

त्यानं खाली बघत बुटानं सुया बाजूला सारल्या. "बघत व्हतो... यीतीस का ते."

वाऱ्यानं वर झाडं हलली आणि चार-दोन सुया माझ्या केसांत पडल्या. त्यानं हात उचलला, अर्ध्यावर थांबवला, आणि परत खिशात घातला. मला त्या थांबलेल्या हाताचा राग आला. खरं सांगते, फार राग आला.

"मी काय मेंढरू आहे, शीळ घातली की यायला?" मी म्हटलं.

"न्हाई बा. मेंढरू एवढं वटवट करीत न्हाई."

मी रागानं निघून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी शीळ आली नाही, तर मी स्वतःच सहाव्या होलपर्यंत फेरी मारून आले.

नळ्यांचं काम संपलं. पुढचं काम शिराळ्याला होतं. जायच्या दिवशी त्यानं पाणी सोडून दाखवलं. सगळ्या मैदानावर एकाच वेळी तुषार उडाले, पाइनच्या सावलीत त्यांचं बारीक धुकं झालं, आणि आम्ही दोघं त्याच्या कडेला भिजत उभे राहिलो.

"आता इथं बॉल हरवला तर...?" मी विचारलं.

"हरवू दे की." तो माझ्याकडं न बघता बोलला. "मला म्हाईत हाय मी काय हरवून चाललोय ते. दर्शनी... मी तुझ्या आबांकडं जाऊ का?"

मला सगळे घरात दर्शनीच म्हणतात. पण ते नाव इतकं चांगलं आहे हे मला तेव्हा कळलं. मी मान हलवली. नुसती हलवली नाही, जरा जास्तच हलवली असावी, कारण तो लगेच चालू लागला.

आबा व्हरांड्यात क्लब पुसत बसले होते. त्यानं पायाला हात लावला आणि सरळ विचारून टाकलं. आई दाराआडून ऐकत होती. तिला वेगळीच काळजी, मेंढपाळाघरचा जावई म्हणून पाव्हण्यारावळ्यांत काय सांगायचं याची. आबा बराच वेळ पुसतच राहिले.

"फौजंत का न्हाई गेलास?"

"दोनदा गेलो, आवं. पळण्यात पयला, मेडिकलला भाईर. पाय सपाट निघालं."

"गोल्फ येतो?"

"न्हाई. बॉल हुडकता येतो."

आबांच्या मिशीचं एक टोक हललं. "ऐक गड्या. दोन महिन्यांनी माझ्यासंगं नऊ होल खेळ. साठ फटक्यांत पुरं केलंस तर आपण बोलू. एकसष्ट झालं, तर ह्यो विषय तुमी दोघांनी पुन्यांदा माझ्यापुढं काढायचा न्हाई. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला. मला कुणी विचारलंच नाही.

साठ! आमच्याकडं दोन-दोन वर्षं येणारे पाहुणे सत्तरच्या खाली उतरत नाहीत. पण तो दर रविवारी शिराळ्याहून मोटरसायकलवर यायचा. पहाटेची थंडी अंगात घेऊन, कानाला मफलर बांधून. मी शिकवायचे. मान खाली ठेव, खांदा सोड, बॉलला मारू नकोस, त्याच्यातून काठी ने.

"डोस्कं खाली ठिवलं तर तू दिसत न्हाईस," तो तक्रार करायचा.

"म्हणूनच ठेवायचं."

पहिल्या रविवारी एकशे चार. मग शहाऐंशी. मग त्र्याहत्तर. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी त्रेसष्ट झाले, तेव्हा त्यानं काठी वर फेकली आणि ती पाइनवर अडकली. काढायला आम्हाला अर्धा तास लागला. त्यातली वीस मिनिटं खरं तर लागायची गरज नव्हती.

ठरलेला रविवार आला. आबांनी रेजिमेंटची जुनी टोपी घातली. पिशवी उचलायला मी. आबा नेहमीसारखे खेळत होते, सरळ, घाई न करता. विश्वजित प्रत्येक फटक्याआधी एकदा आकाशाकडं बघायचा, आणि मी बोटांवर मोजत होते. पाचव्या होलला बॉल वाळूत गेला आणि तीन फटके तिथंच गेले. सातव्याला त्यानं लांबून असा बॉल घातला की आबासुद्धा "वा रं" म्हणाले.

आठ होल झाले. त्रेपन्न. शेवटच्या होलला हातात सात फटके. सात पुरेसे होते. मी डोळे मिटून घेतले असते तरी चाललं असतं, पण मिटले नाहीत. म्हणून बघावं लागलं — बॉल उडाला, उजवीकडं वळला, आणि पाइनमध्ये शिरला.

आबा आणि तो मैदानातून बोलत येत होते. मी पिशवी घेऊन आडवाटेनं झाडीत आधी पोचले. बॉल मला लगेच दिसला. एका जाड मुळीच्या पार मागं, बुंध्याला चिकटून. तिथून बाहेर काढायला दोन-तीन फटके तरी जाणार होते. म्हणजे एकसष्ट, बासष्ट... म्हणजे पुन्हा हा विषयच नाही. शीळ नाही. कानाला बांधलेला मफलर नाही.

मी मागं पाहिलं. आणि पायानं बॉल बाहेर सारला. हातभर, जास्त नाही.

बावीस वर्षांत पहिल्यांदा.

विश्वजित आला. त्यानं बॉलकडं पाहिलं. मग मुळीकडं. सुयांवर बारीकशी घासलेली रेघ होती, मला तोवर दिसलीच नव्हती. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं बघत होते. ज्याला चार बोटांचा फरक कळतो, त्याच्यापुढं मी हातभर अंतर चोरलं होतं!

त्यानं काठी घेतली आणि तो खेळला. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा फटका हिरवळीवर. सहावा काठावरून हुकला. सातव्याला बॉल आत पडला तो आवाज मला अजून ऐकू येतो.

साठ!

मी पिशवी टाकून टाळ्या वाजवणार, तेवढ्यात त्यानं कार्ड मागून घेतलं, गुडघ्यावर ठेवून काहीतरी लिहिलं, आणि आबांच्या हातात दिलं.

"बासष्ट?" आबा म्हणाले.

"झाडीत बॉल हालला व्हता. त्याचं दोन दंडाचं."

"कुणी हलवला?"

"माझा पाय लागला."

"तुझा पाय?" आबांनी टोपी काढली. "तवा तर तू माझ्यासंगं चालत व्हतास. मेंढरांची बाजारात किंमत कशी ठरती ते सांगत व्हतास मला."

विश्वजितनं मान खाली घातली. आता मात्र मला राहवेना.

"मी हलवला, आबा. मीच. तो हरला असता म्हणून. त्याला यातलं काही माहीत नव्हतं."

आबा माझ्याकडं बघत राहिले. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"चार वर्षांची व्हतीस," ते हळू बोलले. "बॉल काट्यात गेला, पाय रक्तबंबाळ झालं, रडत रडत तिथनंच खेळलीस. पर हलवला न्हाईस." त्यांनी कार्ड घडी करून खिशात ठेवलं. "मी पोराची परीक्षा घ्यायला आलो, आन् निकाल लागला पोरीचा."

आबांनी टोपी नीट डोक्यावर बसवली.

"बासष्ट ते बासष्ट. हरलास गड्या. ठरल्यापरमाणं ह्यो विषय तुमी दोघांनी माझ्यापुढं काढायचा न्हाई."

"व्हय," विश्वजित म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

आबा वळले. दहा पावलं गेले. आणि पाठमोरेच थांबले.

"येत्या रविवारी तुझ्या आज्जीला घिऊन ये. दोघांनी विषय काढायचा न्हाई असं ठरलंय... मी काढतो."

ते निघून गेले. त्यांची टोपी व्हरांड्याच्या पायऱ्या चढून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो. मग मी रडायला लागले आणि तो हसायला, आणि नंतर उलटं झालं.

"कळलं होतं तर तिथंच का नाही बोललास?" मी डोळे पुसत विचारलं.

"तिथं बोललो आसतो तर आबांच्या नजरंतनं तू उतरली आसतीस. कार्डावर लिवलं तर माझं एकट्याचं गेलं." तो थांबला. "आन् साठ लिवून तुला न्हेली आसती, तर रोज सकाळी ती हातभर जागा दिसली आसती मला."

मला त्याच्याबद्दल इतकं प्रेम कधीच वाटलं नव्हतं, आणि ते मी त्याला तसंच सांगितलं. आडून नाही, सरळ. त्याचे कान लाल झाले.

उन्हं कलली होती. त्यानं पिशवीतून तो बॉल काढला आणि झाडीत जाऊन बरोबर त्या मुळीमागं, बुंध्याला चिकटून ठेवला.

"आता काय?"

"बघू तरी, कितीत निघाला आसता."

मी समोरच्या झाडाला टेकून उभी राहिले. त्यानं मान खाली घातली, खांदा सोडला, काठी फिरवली. बॉल मुळीवर आपटला, बुंध्याला लागला, आणि सुयांवरून घरंगळत येऊन माझ्या चपलेला टेकून थांबला.

आम्ही दोघंही त्याच्याकडं बघत राहिलो.

"पाय हलवू नगंस," तो म्हणाला, आणि काठी खाली टाकून माझ्याकडं यायला लागला.

मी हलवला नाही.