ज्याचा टॅग, त्यानंच काढायचा

बसा शेषरावभाऊ, त्या स्टुलावर बसा. चहा येऊन राहिला. चावी देतो, पण आधी काम समजून घ्या. तुमी चरोद्याच्या रेल्वे यार्डात जिंदगीभर डब्यांच्या बॅटऱ्या पाहिल्या, म्हणून तर तुमाले बोलावलं. विमान दोन सीटचं असो का दोनशे सीटचं, उभं ठेवलं की बॅटरी मरते. काही चालू नसलं तरी आतलं घड्याळ तिले थोडं थोडं खात राहते. म्हणून दर इतवारी दुपारी यायचं. इंजिनाचं झाकण उघडायचं, आधी निगेटिव्ह काढायचं, मग पॉझिटिव्ह. बॅटरी या टेबलावर आणून हळू चार्जरवर लावायची. मीटरनं बारा पॉइंट आठ दाखवलं की परत नेऊन बसवायची. घाई करायची नाई, घाईनं प्लेटा खराब होतात.

एवढंच काम असतं तर मी तुमाले चहा पाजला नसता.

विमानाच्या आत मास्टर स्विचले लाल टॅग लटकला आहे, दिसला? दुरूनच पाहा. हात नका लावू.

टॅगची रीत मी गिरणीतून आणली. आमच्या रोलिंग मिलमध्ये लाइनीवर चढायच्या आधी स्विच बंद करून त्याले आपल्या नावाचा टॅग लटकवायचा. 'काम चालू आहे', अन् खाली नाव. टॅग आहे म्हणजे माणूस आत आहे. ज्याचा टॅग, त्यानंच काढायचा. तो दिसत नसला तर पान्यानं लोखंडावर तीनदा ठोकायचं अन् उत्तराची वाट पाहायची. या शेडात अशी रीत नव्हती, पण मी इथंही लटकवत होतो. माही पोरगी संघमित्रा हसे. म्हणे, "बाबा, ये तुम्हारा कारखाना नहीं है."

ती इथंच विमान शिकत होती. धावपट्टीचं डांबर उखडलं अन् चार महिने विमान या शेडात उभं राहिलं. बॅटरीचं काम मी मागून घेतलं, पोरीसाठी. जूनच्या आत तिनं एकटीनं उडवून दाखवलं नाई तर पुढच्या कोर्सची जागा जाणार होती. शिवणकाम करून करून माह्या बायकोचे, कमलाचे डोळे गेले त्या जागेपायी. तुमीच सांगा, बाप काय करन?

पहिले दोन इतवार सीधे गेले. तिसऱ्या इतवारी मीटर लावला, तर आधीच बारा पॉइंट आठ! खुश झालो. मग पाहतो तर निगेटिव्हची तार सुटलेली. कोणीतरी नीट काढून बाजूले वळवून ठेवली होती, म्हणून घड्याळानं काही खाल्लं नव्हतं. शेडाले कुलूप, चावी माह्या खिशात. अन् सुटलेल्या तारेचा नट अन् वायसर बारीक तांब्याच्या तारेत ओवून, तीन पीळ देऊन तिलेच बांधलेला.

बापा रे! नट असा ओवून ठेवणारा एकच माणूस मी पाहिला. कवडू.

कवडू गिरणीत माहा जोडीदार होता. मले 'प्रेमा' म्हणे, अख्ख्या जगात तो एकटाच. बाकीच्यांसाठी मी प्रेमानंदच. अठरा वर्षं झाली. तो क्रेनवर चढला होता, खाली स्विचले त्याचा टॅग. शिफ्ट सुटायची वेळ, माल अडकलेला, सायेब बोंबलून राहिला. मले वाटलं कवडू उतरून चहाले गेला. मी ठोकलं नाई, भाऊ. टॅग काढून खिशात घातला अन् स्विच चालू केला.

तो वरच होता.

चौकशीत टॅग कुठं सापडला नाई. सापडन कसा? घरी येऊन मी चुलीत घातला होता. कागदावर लिहिलं गेलं, कवडूनं टॅगच लावला नव्हता, चूक त्याचीच. त्याची बायको मथुरा माह्यासमोर बसून म्हणे, "माहा माणूस असा बेफिकीर नव्हता हो भाऊजी." मी मान खाली घालून बसलो. मी भेकड आहे, शेषरावभाऊ. तिच्या आयुष्यभराच्या दुःखावर मी खोटं ठेवून आलो.

तर, त्या तिसऱ्या इतवारानंतर दर इतवारी तार सुटलेलीच सापडे. मी कोणाले बोललो नाई. चार्ज करायचो, तार जोडायचो, निघून जायचो.

मग पट्टी दुरुस्त झाली अन् परीक्षेचा दिवस आला. भर दुपारची वेळ, पत्रा तापून कडकड वाजून राहिलेला. बाहेर पोरगी अन् शिकवणाऱ्या मॅडम उभ्या. मी आत हात घातला, तर मास्टर स्विचले टॅग. एक कोपरा जळलेला. त्याले चुलीच्या राखेचा वास येऊन राहिला होता. पेन्सिलीनं लिहिलेलं, 'काम चालू आहे. कवडू.'

बाहेरून आवाज आला, "बाबा, हो गया क्या? मॅडम थांबल्या आहेत..."

पाना माह्या हातातच होता. तीनदा ठोकायले कितीक वेळ लागते? पण ठोकलं अन् उत्तर आलं तर? मग पोरीले काय सांगू? कमलाले काय सांगू? मी टॅग काढला, खिशात घातला, तार जोडली.

"झालं बेटा," म्हटलं.

दुसऱ्यांदा, भाऊ. तेच पाप मी दुसऱ्यांदा केलं.

विमान मस्त उडालं. कुरुद गावाच्या अंगानं एक फेरी मारली अन् अलगद उतरलं. मॅडमनं टाळ्या वाजवल्या. मी तर रडलोच. पोरगी उतरली, नळावर जाऊन हात धुवत राहिली. मले वाटलं, थकली असन.

विमान शेडात ढकललं अन् मी तार काढायले झाकण उघडलं. तार सुटलेली. नट ओवलेला, तीन पीळ. झाकणाले माह्याशिवाय कोणीच हात लावला नव्हता. खिसा चाचपला, तर टॅग नाई. धावत जाऊन विमानाच्या दारातून आत पाहिलं. स्विचले टॅग लटकला होता, पण तो जुना नव्हता. कोरा होता, अन् अक्षर माह्या पोरीचं. लहानपणापासून ती अनुस्वाराचं टिंब पोकळ गोल काढते, तसंच गोल. 'काम चालू आहे. संघमित्रा.'

मी वळलो. ती माह्या मागंच उभी होती.

"बेटा, हा... हा तू लावला?"

तिनं टॅगकडे पाहिलं, मग माह्याकडे. अन् हळूच म्हणे, "राहू दे, प्रेमा. काम झालं नाई अजून."

तेव्हापासून ती घरी आहे. जेवते, झोपते. कमला म्हणते, "पोरगी थकली आहे, डॉक्टरले दाखवू." पण ती मले बाबा म्हणत नाई. एकच विचारते, "मथुरा आता कुठं राहते?" हे नाव आमच्या घरात कोणीच कधी घेतलं नव्हतं हो! मथुरा तुमसरले भावाकडे राहते. आज मी हिले घेऊन तिकडेच चाललो. मथुराच्या पायाशी बसून सगळं सांगणार, चौकशीतलं खोटं, चुलीतला टॅग, सगळं. मग कदाचित कवडू मथुरेपाशीच थांबन, अन् माही पोरगी... पाहू.

आता कामाचं ऐका. मागच्या इतवारी मी ठोकलं. पहिल्यांदा, अठरा वर्षांनी. पान्यानं पत्र्यावर तीनदा. अन् आतून उत्तर आलं. लहानपणी संघमित्रा शाळेतून आली की दार ठोके ना, तसं भरभर, तीनदा. सीट रिकामीच होती.

तवापासून बॅटरी टिकत नाई. तार सुटलेली असूनही दोन दिवसांत पार उतरते, जशी कोणी आत दिवा लावून बसली आहे. अन् चार्जिंगसाठी बॅटरी टेबलावर आणली की आतलं ठोकणं वाढते. तुमाले ऐकू आलं तरी घाबरू नका. आता इतवारच्या इतवारी जमणार नाई, रोज चार्ज करा. जेवढा वेळ बॅटरी बाहेर, तेवढा वेळ पत्र्यावर हात ठेवून बोलत राहा, काहीही बोला. टॅगले मात्र हात लावू नका. तो तिचा आहे, ती निघन तवा तीच काढन.

ऐकलं? गेटवरून हाक आली... "प्रेमा, गाडीची वेळ झाली." आवाज माह्याच पोरीचा आहे.

घ्या चावी. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. अन् ठोकलं तर सांगा, बाबा तुमसरले गेला आहे, येऊन राहिला. बॅटरी मरू देऊ नका, भाऊ. तिले लहानपणापासून अंधाराची लय भीती वाटते.