दर मिनिटाला सहा डेसिबल

आवाज मोजणं हेच पोटापाण्याचं काम, म्हणून कचेरीत सगळे त्याला मापाडी म्हणत. कारखाने असोत, जनरेटर असोत की शेजाऱ्यांची भांडणं, मीटर लावायचा, आकडा सांगायचा आणि निघायचा. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

आजचं घर तिसऱ्या मजल्यावरचं. तिथल्या म्हाताऱ्या बाईंची तक्रार अशी की रोज दुपारी तीनला त्यांच्या खोलीत काहीतरी घोंघावतं. त्यांच्या मुलाला काहीच ऐकू येत नव्हतं.

"आकडा आला नाही तर आईला उद्याच वृद्धाश्रमात सोडतोय," तो जिन्यातच म्हणाला. "डोकं पिकलंय हो माझं."

बाईंनी मापाड्याचा हात घट्ट धरला. "तुम्ही तरी नीट मोजा हो, भाऊ. मला वेडी ठरवू नका." त्याला त्यांची फार दया आली.

मीटर खोलीत ठेवायचा आणि आपण बाहेर थांबायचं, हा त्याचा शिरस्ता. माणसाच्या हालचालीनंही आकडा बिघडतो. बाई मात्र खुर्चीतून हलेनात.

"मी उठले की ते येत नाही," त्या म्हणाल्या.

शेवटी त्यांना आत ठेवूनच दार लावलं. मीटरची वायर दाराखालून बाहेर घेऊन लॅपटॉपला जोडली आणि मापाडी नि मुलगा पडद्यावरचा आकडा बघत बसले. बावीस डेसिबल. घरात शुकशुकाट.

तीन वाजले. अठ्ठावीस.

"गाडी गेली असेल खालून," मुलगा म्हणाला.

चौतीस. मग चाळीस. कानाला काहीच नाही, पण आकडा मिनिटागणिक बरोब्बर सहानं चढत होता. मापाडी पडद्याकडे झुकला. आवाज करणारी वस्तू निम्म्या अंतरावर आली की आकडा सहानं वाढतो, हे तो झोपेतही सांगू शकला असता.

"काय झालं?"

"काहीतरी जवळ येतंय."

अठ्ठावन्न. चौसष्ट. सत्तर.

मुलानं दार ढकललं. उघडेना. "आई! अगं आई!"

शहात्तर.

मग एकदम बावीस.

दार आपोआप उघडलं. बाई समोर उभ्या, धडधाकट. मुलानं त्यांना मिठीच मारली.

"चुकलो गं आई! आकडा आला. कुठ्ठे पाठवत नाही तुला."

बाई भराभरा सांगू लागल्या. काय आलं, कुठून आलं, कुठे उभं राहिलं. हातांनी जागा दाखवत होत्या, ओठ हलत होते, पण शब्द कानावर येत नव्हता.

"मोठ्यानं बोल ना, आई."

बाई वैतागल्या. टेबलावरचा स्टीलचा डबा उचलून त्यांनी फरशीवर आपटला. झाकण गरगरत मापाड्याच्या पायाशी येऊन पडलं.

पडद्यावर बावीसच होते.