हवालदाराचं दावं

मंगळवारच्या बाजारात हल्ली रेड्याचे दात कुणी बघत नाही, कान बघतात. कानात रुपयाएवढा शांतिबिल्ला असतो. तो रक्तातलं भीतीचं द्रव्य मोजतो. रेडा निवांत असला की हिरवा, घाबरला की लाल. भ्यालेल्या जनावराचं मांस चिवट होतं म्हणून परदेशी गिऱ्हाइकांनी पुरावा मागितला आणि सरकारने निवांत रेड्यामागे अनुदान सुरू केलं. पूर्वी म्हशीला नर रेडकू झालं की घर गप्प व्हायचं, आता पेढे वाटतात. व्यापारीही शहाणे. अनुदान जेवढं वाढलं, तेवढाच त्यांनी भाव उतरवला. लाल रेडा विकणं म्हणजे तीन वर्षांची वैरण पाण्यात.

अंबादास खताळांना त्याची काळजी नव्हती. त्यांचा रेडा हवालदार शेजारच्या लग्नातल्या डीजेसमोरही रवंथ करत झोपला होता.

टॉवेलाखाली बोटं दाबून व्यापारी रज्जाकभाईंशी सौदा ठरला. अंबादासांनी रिवाजाप्रमाणे आपलं दावं सोडलं. जनावर विकायचं, दावं घरी न्यायचं. आजोबाही तसंच करत. रज्जाकभाईंनी नवा नायलॉनचा दोर अडकवला आणि बिल्ला लाल झाला. दावं घातलं, हिरवा. काढलं, लाल. बघ्यांनी चहा मागवला.

तपासणीच्या ढगे मॅडमनी पडद्यावरून नजर न काढता सुचवलं, “दावं त्याच्याबरोबर जाऊ द्या, काका. त्याला वाटेल, घरीच चाललोय.”

“म्हणजे त्याला कळू द्यायचं नाही.”

“नियमात तसं लिहिलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण हो.”

“दावं मी परत आणून देतो, अंबादासभाऊ,” रज्जाकभाई हळूच म्हणाले. “जबान देतो.”

अंबादासांनी दावं पुन्हा बांधलं. टेम्पोच्या फळीवर तेच पुढे चढले. हवालदार मागोमाग आला, त्यांच्या खांद्यावर नाक टेकवून. ते बाजूने गुपचूप उतरले. बिल्ला हिरवागार होता.

पुढच्या मंगळवारी रज्जाकभाईंनी दावं आणून दिलं, स्वच्छ धुतलेलं. अंबादास घरी पोचेपर्यंत फोनवर निरोप आला होता: ‘आपला रेडा अखेरपर्यंत निवांत होता. अनुदान जमा. आपण निवांत आहात का? हो / नाही.’

त्यांनी फोन खिशात टाकला. गोठ्यात नवं रेडकू दावं ओळखीचं असल्यासारखं हुंगू लागलं आणि बांधून घ्यायला आपणहून मान पुढे करून उभं राहिलं. अंबादासांचे हात काही पुढे होईनात.

खिशात फोन पुन्हा वाजला. उत्तर राहिलं होतं. हो, की नाही?