इरम्माशेजारची वाकळ

जेवणं झाली आणि बेंबळीतली लाईट गेली. वैजनाथमामा ओट्यावर बसले होते, आम्ही भाचरं त्यांच्याभोवती. मामा म्हणाले, "ऐका. हे बिराप्पाचं. माझ्यासंगं गाडी चालवायचा. खोटं बोलणारा माणूस न्हाय."

गेल्या पौषातली अमावास्या. बिराप्पा दुपारी कोकणातल्या एका बंदरातून पिकअप घेऊन हैदराबादच्या प्रयोगशाळेकडं निघाला. मागं लांबलचक नळ्या आणि नळ्यांत समुद्राच्या तळाचा चिखल. तिथं किनाऱ्याजवळ तळाला भेग आहे. ती मागं कधी हलली, ते त्या चिखलाच्या थरांवरून तपासतात.

"मग पुढं कधी हलणार ते कळतं का, मामा?" अर्पितानं विचारलं.

"कधी ते कुणालाच कळत न्हाय, बाई. हलणार, एवढंच कळतं."

त्याच बंदरातल्या दवाखान्यात बिराप्पाची लेक वैष्णवी नर्स. तिनं दिलेला डबा घेऊन तो निघाला होता.

रात्री दोनच्या सुमाराला, उमरग्याच्या अलीकडं, नळ्यांचा दोर सैल झाला म्हणून त्यानं गाडी थांबवली. बाजूला जुनं गावठाण. त्र्याण्णवच्या भूकंपात गाडलेलं. वाचलेली माणसं नव्या गावात गेली, इथं नुसते दगड आणि बाभळी. बिराप्पाची मावशी इरम्मा त्याच रात्री इथं गाडली गेली.

दोर आवळताना पावलं ऐकू आली.

गाडीच्या लाल दिव्यात माणसं दिसली. बायका, लेकरं, म्हातारे. प्रत्येकाच्या काखेत अंथरूण. रस्त्याकडेला, उघड्यावर अंथरू लागली. भूकंपानंतर आपल्याकडं वाचलेली माणसं महिनोन् महिने अशीच घराबाहेर निजायची. पण ही...

केसांत माती. तोंडात माती.

शेवटी इरम्मा आली. तिनं नळीला कान लावला.

"कुठली रं ही माती?"

"समुद्राची, मावशी."

"आमची बी अशीच घुमत व्हती. कुणी ऐकलं न्हाय."

मग तिनं आपल्याशेजारी एक वाकळ पसरली. सुरकुत्या मोडल्या. बिराप्पानं टाका ओळखला. त्याच्या बायकोचा. लेकीसाठी शिवलेली, कोपऱ्यात तिच्या शाळेच्या निळ्या फ्रॉकचं ठिगळ.

"मावशी... ही कुणाला?"

इरम्मा वाकळेवरची रिकामी जागा चाचपत राहिली.

त्यानं लेकीला फोन लावला, दिसलं ते सांगितलं. वैष्णवी रातपाळीला होती.

"आप्पा, परत ढाब्यावरची शिळी भजी खाल्लीत का? माझी वाकळ खोलीवर आहे."

"बाई, आत्ता नीघ. गावाकडं ये."

"आणि वॉर्डातली माणसं? ती उठून चालणार आहेत का?"

"मग आजची रात... भाईर तरी निज."

"आप्पा." ती थांबली. "इथं बाहेर समुद्र आहे."



फोन ठेवून त्यानं वळून बघितलं. रस्ता रिकामा. वाकळ तेवढी उरलेली. ती उचलून त्यानं गाडीत टाकली.

ओट्यावर आम्ही भाचरं मामांना खेटून बसलो.

"आणि... वैष्णवी?" मी विचारलं.

"तिथंच हाय. नोकरी सोडत न्हाय. तिची वाकळ तिच्यापाशीच हाय, त्याच सकाळी फोटो पाठवला तिनं. ठिगळासकट. बिराप्पा रोज रातच्याला फोन लावतो. तिनं उचलला की ठेवून देतो. दुसरं काय करणार?"

"मग त्यानं आणलेली कुठली?"

मामांनी तळहात धोतराला पुसला.

"म्या हात लावून आलो. बिराप्पाच्या अंगणात दोरीवर हाय. चिंब. हात खारट झाला. चैत गेला, वैशाख गेला... वाळत न्हाय."